गार पडते कुठे, मोजते कोण?

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिची आठवण सोलापूर, लातूर, तेव्हाचं उस्मानाबाद, बीड, नाशिकच्या शेतकऱ्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. तोवर गारपीट म्हणजे एखाद्या तालुक्यातल्या पाच-दहा गावांवर आलेलं संकट असं आपण धरून चाललो होतो. त्या वर्षी राज्यातल्या तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांना कमी-अधिक फटका बसला. काढणीला आलेला गहू आणि शाळू, घाट्यांनी भरलेला हरभरा, कांद्याचे बियाण्यासाठी राखलेले डोंगळे, उतरणीला आलेली द्राक्षं, डाळिंबाच्या बागा, केळी, आंबा, सगळं एका हंगामात झोडपलं गेलं. जनावरं दगावली, झाडाखाली पाखरांचा खच पडला. त्यातच लोकसभेची आचारसंहिता लागलेली होती, त्यामुळे पंचनामे आणि मदत यांचा गोंधळ वेगळाच.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन प्रश्न विचारले जातात. हे आधी सांगता येत नाही का? आणि सांगता आलं तर पीक वाचवता येतं का? दोन्ही प्रश्नांवर जगभर शंभर-सव्वाशे वर्षं काम झालेलं आहे. त्यातलं काय टिकलं, काय फसलं आणि आपल्याकडे नेमकं कुठे अडतं, ते एकत्र पाहायला हवं. माझं मत आधीच सांगतो: आपली सर्वांत मोठी उणीव आकाशातली नाही, जमिनीवरची आहे. गार कुठे पडली, केवढी पडली, किती वेळ पडली, हे या राज्यात कुणी पद्धतशीरपणे मोजतच नाही. अंदाज, संरक्षण आणि विमा या तिन्ही गोष्टी त्या एका उणिवेपाशी येऊन अडकतात.

गार तयार होते ती उभ्या वाढीच्या ढगात. दुपारच्या उन्हाने जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जातो. गोठणपातळीच्या, म्हणजे तापमान शून्य अंश होतं त्या उंचीच्या, वर गेलेले पाण्याचे थेंब लगेच गोठत नाहीत. शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंतही ते पाणीच राहू शकतात, आणि बर्फाचा एखादा कण सापडला की त्याला चिकटून क्षणात गोठतात. असा कण वर चढणाऱ्या हवेने तोलून धरला की त्यावर थर चढत जातात. मोठी गार मधोमध चिरली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळेच. हवेचा झोत तिला पेलू शकला नाही की ती खाली येते.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक इंचाहून लहान गार ताशी साधारण १५ ते ४० किलोमीटर वेगाने खाली येते. एक ते पावणेदोन इंचाची गार ४० ते ६५ किलोमीटरने येते. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, आणि वेगही वाढतो. दोन्हींचा मिळून आघात जवळजवळ सोळापट होतो. बोराएवढी गार आणि लिंबाएवढी गार यांत शेतकऱ्याला जो फरक दिसतो, तो या आकड्यात आहे. बोराएवढ्या गारेने द्राक्षाची पानं फाटतात, लिंबाएवढीने काडीची साल सोलून निघते. सोबत वारा असला तर गार तिरकी येते आणि घडावर बाजूने बसते. जगात नोंदली गेलेली सर्वांत जड गार बांगलादेशातल्या गोपालगंजची, १४ एप्रिल १९८६ ची, एक किलोहून थोडी जास्त. त्या गारपिटीत ९२ माणसं गेली. आपल्या देशात मुरादाबादला ३० एप्रिल १८८८ रोजी २४६ जण मरण पावले होते. गारपीट पिकाचंच नुकसान करते, हा समज या दोन नोंदींपुढे टिकत नाही.

महाराष्ट्रात गारेचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असूनही गारा का पडत नाहीत, याचं उत्तर गोठणपातळीत आहे. पावसाळ्यात ती पाच किलोमीटरच्या वर असते, खालची हवा दमट आणि उबदार असते, त्यामुळे गार खाली येईस्तोवर वितळून जाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती पातळी चार-साडेचार किलोमीटरपर्यंत खाली असते आणि वरची हवा कोरडी व थंड. या दिवसांत उत्तर भारतावरून सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभांची शेपटी कधी कधी बरीच दक्षिणेला येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट वारे आत येतात, आणि विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकापर्यंत वाऱ्यांच्या बदलाची एक रेषा उभी राहते. खाली दमट गरम, वर कोरडं थंड, आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत जाणारा: एवढं जुळलं की गारेसाठी मैदान तयार. २०१४ मध्ये ही स्थिती एक-दोन दिवसांत न मोडता जवळजवळ तीन आठवडे पुन्हा पुन्हा उभी राहत गेली, म्हणून नुकसान एवढं पसरलं.

ही स्थिती तीन-चार दिवस आधी ओळखता येते. भारतीय हवामान विभागाची संगणकीय प्रारूपं हे काम बऱ्यापैकी करतात. मे २०२५ पासून वापरात आलेली ‘भारत’ ही प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालते. त्याआधीची बारा किलोमीटरच्या चौकटीवर चालत असे. पण गारेचा पट्टा किती रुंद असतो? दोन-चार किलोमीटर. लांबी दहा-वीस किलोमीटर, कधी अधिक. आणि एका जागी गार पडण्याचा वेळ बहुतेकदा पाच ते पंधरा मिनिटं. नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा. तीन किलोमीटर रुंद आणि वीस किलोमीटर लांब पट्ट्यात गार पडली तर जिल्ह्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भागात ती पडली. जिल्ह्याला ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ असा इशारा दिला जातो, तेव्हा हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणं अभिप्रेत असतात. इशारा अचूक ठरला तरी निफाड तालुक्यातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांच्या दृष्टीने तो खोटा ठरतो, कारण त्यांच्या गावी ऊन पडलेलं असतं. चार वेळा असं झालं की पाचव्यांदा माणूस बातमीकडे दुर्लक्ष करतो. हा दोष ना हवामानशास्त्रज्ञाचा ना शेतकऱ्याचा. जिल्ह्याच्या मापाचा इशारा शिवाराच्या मापाच्या घटनेला लावल्याचा तो परिणाम आहे.

म्हणून खरी भिस्त शेवटच्या दोन-तीन तासांवर, आणि तिथे रडारला पर्याय नाही. डॉप्लर रडार ढगातल्या थेंबांवरून परत येणारी लहर मोजतं. परतीची लहर फार तीव्र असेल आणि ती तीव्रता गोठणपातळीच्या बऱ्याच वरपर्यंत टिकून असेल, तर गारेची शक्यता मोठी. नव्या दुहेरी ध्रुवीकरणाच्या रडारला आणखी एक खूण सापडते. पावसाचा मोठा थेंब पडताना आडवा चपटा होतो, गार मात्र गडगडत येते, त्यामुळे रडारला ती सगळ्या बाजूंनी सारखीच दिसते. तीव्र लहर आणि गोल आकार एकत्र दिसले की पाण्याऐवजी बर्फ येतोय, हे कळतं. वीजही खबर देते. ढगातल्या विजांची संख्या एकाएकी वाढली की अनेकदा काही मिनिटांत गार सुरू होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर विजा टिपणारं जाळं उभारलं आहे आणि ‘दामिनी’ हे ॲप त्यावरच चालतं. ते विजेसाठी आहे, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारी दामिनीवर विजांचा जोर वाढताना दिसला तर द्राक्ष बागाईतदाराने तो गारेचाही इशारा समजावा, असं मला वाटतं.

अडचण आहे ती रडारच्या जागांची. मुंबईला रडार आहे, नागपूरला आहे, गोव्याला आहे. सोलापूरला संशोधनासाठी एक आहे. हैदराबादचं रडार सीमेपलीकडून काही भाग पाहतं. पृथ्वी गोल असल्याने रडारची किरणं लांब जाता जाता जमिनीपासून वर उचलली जातात. सर्वांत खालच्या कोनात सोडलेली किरणं शंभर किलोमीटरवर दीड किलोमीटर उंचीवर असतात, दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटरच्याही वर. नाशिक मुंबईच्या रडारपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये सह्याद्री उभा. जालना तर मुंबई आणि नागपूर दोन्हींपासून तीनशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे ज्या मराठवाड्याला गारेने पुन्हा पुन्हा झोडपलं, त्याच्या मोठ्या भागावरचे ढग रडारला एक तर दिसत नाहीत किंवा फक्त त्यांचं डोकं दिसतं. मराठवाड्यातल्याच म्हैसमाळला रडार बसवण्याची मागणी आणि घोषणा यांत वर्षं गेली आहेत. दोनशे-अडीचशे किलोमीटर पल्ल्याच्या मोठ्या रडारांच्या जोडीला कमी पल्ल्याची छोटी रडारं डोंगरमाथ्यांवर बसवणं, हा जगभर रुळलेला मार्ग आहे. इनसॅट उपग्रहांची चित्रं ढगाचा माथा किती वेगाने थंड होतोय ते दाखवतात, पण ढगाच्या पोटात काय आहे ते रडारशिवाय कळत नाही.

समजा, पाऊण तास आधी पक्का इशारा मिळाला. पुढे काय? उभा गहू पाऊण तासात कापता येत नाही. पण खळ्यावरची रास झाकता येते, काढून ठेवलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकता येते, मेंढरं आणि जनावरं आडोशाला नेता येतात, रानात कामाला असलेली माणसं घरी आणता येतात. ही यादी लहान वाटेल, पण गारपिटीत जाणारे जीव याच यादीने वाचतात. तीन-चार दिवस आधीचा इशारा वेगळ्या कामाचा आहे. हरभरा पिवळा पडून काढणीयोग्य झाला असेल तर तो रानात उभा ठेवू नये. गहू पिकला असेल तर हार्वेस्टरची वाट पाहत बसू नये. द्राक्षात गोडी भरली असेल तर व्यापाऱ्याशी दोन रुपयांची घासाघीस थांबवून माल उतरवावा. हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठं दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी-हवामान सल्ला काढतात. त्यात ‘काढणी करून घ्यावी’ हे वाक्य असतं. कोणत्या अवस्थेतलं पीक काढावं आणि कोणतं धोका पत्करून उभं ठेवावं, हे मात्र पिकागणिक सविस्तर यायला हवं. शेतकरी निर्णय घ्यायला तयार असतो, त्याला निर्णयाला पुरेल एवढी माहिती लागते.

आता दुसरा प्रश्न: गार आकाशातच अडवता येईल का? माणसाने हा प्रयत्न फार जुन्या काळापासून केला आहे. आपल्या विदर्भात गारपगारी नावाचा समाज होता. गावावरची गार परतवणं हे त्याचं वतनी काम, आणि त्याबद्दल शेतकरी त्याला धान्य देत. आर. व्ही. रसेल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात त्यांचं वर्णन आहे: आभाळाचा रंग तांबडा-काळा झाला की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही आणि ढग पांगवण्याची विनवणी करी. भटक्या जमातींच्या यादीत हे नाव आजही आहे. गारेची भीती किती खोल होती आणि गाव त्यासाठी आपल्या धान्यातला वाटा किती नेमाने काढून ठेवत असे, हे यातून कळतं.

युरोपात त्याच सुमारास तोफा आल्या. आजच्या स्लोव्हेनियात असलेल्या, तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या विंडिश-फाइस्ट्रिट्झ या गावचा नगराध्यक्ष आल्बर्ट श्टीगर द्राक्षं पिकवत असे. १८९६ मध्ये त्याने कर्ण्याच्या आकाराच्या तोफा आकाशाकडे रोखून डागायला सुरुवात केली. योगायोगाने पहिल्या एक-दोन वर्षांत तिथे गारेचं नुकसान झालं नाही आणि ही कल्पना वणव्यासारखी पसरली. १९०० पर्यंत एकट्या इटलीत दहा हजारांच्या आसपास तोफा होत्या. मग १९०२ मध्ये ग्रात्सला तज्ज्ञांची परिषद झाली, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरकारांनी दोन ठिकाणी १९०३ आणि १९०४ अशी दोन वर्षं रीतसर चाचणी घेतली, आणि दोन्ही ठिकाणी तोफा डागूनही गारेने बागा झोडपल्या. तोफा भंगारात गेल्या.

त्या पुन्हा बाहेर आल्या आहेत, आता ॲसिटिलीन वायूवर चालणाऱ्या, दर काही सेकंदांनी स्फोट करणाऱ्या. हिमाचल प्रदेशाने २०१० मध्ये सफरचंदाच्या पट्ट्यात, शिमला जिल्ह्यात अशी परदेशी यंत्रं बसवली. नंतर मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी नौणीच्या फलोद्यान विद्यापीठाबरोबर गॅसवर चालणारी स्वदेशी आणि स्वस्त तोफ तयार केली. कष्ट प्रामाणिक आहेत, पण मूळ कल्पनेलाच आधार नाही, आणि हे मी स्पष्ट म्हणतो. जागतिक हवामान संघटनेने या तोफांमागे ना शास्त्रीय पाया आहे ना पटण्याजोगी उपपत्ती, असं नि:संदिग्ध सांगितलं आहे. गारेच्या ढगात विजेचा कडकडाट सतत होत असतो, तो तोफेच्या आवाजाहून कितीतरी जबर असतो, आणि त्याने गार थांबत नाही. मेक्सिकोत पुएब्ला इथे २०१८ मध्ये मोटारींच्या कारखान्याने उघड्यावर ठेवलेल्या गाड्या वाचवायला अशा तोफा लावल्या. आसपासच्या शेतकऱ्यांनी तोफांमुळे पाऊसच पडेना अशी तक्रार केली, आणि शेवटी कारखाना जाळ्यांकडे वळला. तोफांनी पाऊस पळवला हेही खरं नव्हतं आणि गार अडली हेही सिद्ध नव्हतं, पण जाळीने गाड्या नक्की वाचतात. आपल्याकडेही द्राक्षपट्ट्यात अशी यंत्रं विकायला लोक येतात. जो विक्रेता ‘अमुक गावात लावलं आणि गार पडली नाही’ एवढाच पुरावा देतो, त्याला श्टीगरची गोष्ट सांगावी.

सिल्व्हर आयोडाइडची फवारणी हे थोडं वेगळं प्रकरण आहे, कारण तिच्यामागे निदान तर्क आहे. ढगात बर्फाची बीजं भरपूर टाकली तर उपलब्ध पाणी त्यांत वाटलं जाईल, गारा लहान राहतील आणि वाटेत वितळतील. सोव्हिएत संघाने रॉकेटं डागून मोठ्या यशाचा दावा केला. तो दावा तपासायला अमेरिकेने सत्तरच्या दशकात कोलोरॅडोत प्रयोग केला आणि स्वित्झर्लंडने १९७७ ते १९८१ अशी पाच वर्षं सोव्हिएत पद्धतच वापरून चाचणी घेतली. दोन्हींत गार कमी झाल्याचं दाखवता आलं नाही. तरीही फ्रान्समध्ये १९५१ पासून शेतकऱ्यांच्या संघटना जमिनीवरच्या भट्ट्यांतून फवारणी करतात, आणि कॅनडाच्या आल्बर्टात विमा कंपन्यांच्या पैशाने १९९६ पासून विमानं उडतात. विमा कंपनीला नुकसानीत थोडी घट झाली तरी विमानाचा खर्च परवडतो. आपल्या सरकारचं गणित तसं नाही. सोलापुरात झालेल्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगात फवारलेल्या ढगांतून १८ टक्के अधिक पाऊस मिळाल्याचं शास्त्रज्ञांनी मांडलं; तो पावसाचा निष्कर्ष आहे, गारेला तो लावता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दोन हजार कोटींच्या ‘मिशन मौसम’मध्ये गार रोखण्याच्या संशोधनालाही जागा दिली आहे. संशोधन जरूर व्हावं. पण त्यातला पहिला रुपया रडारकडे गेला पाहिजे.

मग शेतावर काय टिकतं? जाळी. दुसरं काही नाही. इटलीच्या उत्तरेतल्या सफरचंदांच्या बागा, आणि आता हिमाचलातल्याही, जाळीखाली उभ्या आहेत. गार जाळीवर पडते, उसळते, दोन ओळींच्या मध्ये साचते. आपल्याकडे डाळिंबावर जाळी टाकणाऱ्यांना उन्हाचे चट्टे कमी पडण्याचा दुहेरी लाभ होतो. द्राक्षावर प्लास्टिकचं आच्छादन नाशिक-सांगलीकडे वाढतंय, पण ते मूळचं अवकाळी पावसासाठी आहे: मणी तडकू नयेत, डाऊनी रोग येऊ नये म्हणून. मध्यम गारेपासून ते वाचवतं, वाऱ्यासह आलेल्या मोठ्या गारेने फाटतं. जाळीने प्रकाश घटतो, काळ्या जाळीने अधिक, म्हणून रंग आणि छिद्राचा आकार निवडताना फळाच्या रंगाचा विचार लागतो. आणि सांगाडा कच्चा असेल तर साचलेल्या गारांच्या वजनाने जाळीसकट बाग बसते. तेव्हा पैसा आधी खांब आणि तारांवर घालावा.

खर्चाचं बोलू. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत जाळीचा खर्च चौरस मीटरला ३५ रुपये धरला होता, त्यावर निम्मं अनुदान, तेही एका शेतकऱ्याला पाच हजार चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम सव्वा एकर. त्या दरानेही एकरी एक लाख चाळीस हजार होतात, आणि खांब-तारांसह प्रत्यक्ष खर्च त्याहून पुष्कळ वर जातो. एकरी काही लाखांचं उत्पन्न देणाऱ्या द्राक्ष-डाळिंबाला हे गणित बसू शकतं. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा यांना ते कधीच बसणार नाही. गारेखाली येणारं बहुतांश रान याच पिकांचं आहे, हे जाळीच्या जाहिराती वाचताना विसरू नये.

या पिकांसाठी उरतो तो वेळेचा खेळ. लवकर येणारे वाण आणि वेळेवर पेरणी यांनी हरभरा-गहू मार्चच्या धोक्याआधी घरात येऊ शकतो. डाळिंबात तर बहाराची निवड हेच मोठं शस्त्र आहे. जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या आंबिया बहाराची फुलं आणि कोवळी फळं नेमकी गारेच्या दिवसांत असतात. हस्त बहाराची फळं त्याच दिवसांत उतरणीला येतात. मृग बहार गारेतून बराचसा सुटतो, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत तेल्या रोगाचा धोका वाढतो. ज्या शिवारात गार वारंवार येते तिथे कोणता धोका पत्करावा, हे तिथल्या गारेचा इतिहास माहीत असेल तरच ठरवता येतं. तो इतिहास कुठे लिहिलेला आहे? पुन्हा तोच प्रश्न.

गार पडून गेल्यावरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे. बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने २०१४ च्या गारपिटीनंतर यावर चांगलं काम केलं. गारेचा घाव ही रोगाला उघडलेली वाट असते. साचलेलं पाणी काढून द्यावं, पडलेली फळं आणि मोडक्या फांद्या बागेबाहेर न्याव्यात, बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईडसारखं ताम्रयुक्त बुरशीनाशक एक-दोन दिवसांत फवारावं, खोडावरच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावावी. डाळिंबात हे टाळलं तर तेल्या घुसतो, संत्र्यात डिंक्या. काढणीला आलेल्या निर्यातीच्या द्राक्षांवर मात्र औषधाच्या उर्वरित अंशाचा विचार केल्याशिवाय फवारणी करू नये. द्राक्षाचं खरं दुखणं पुढच्या वर्षी कळतं: काडीला खोल जखमा झाल्या असतील तर खरड छाटणीत त्यानुसार छाटावं लागतं. फुलोऱ्यातला हरभरा ओल असेल तर पुन्हा फुटतो. ओंबीवर आलेला मोडलेला गहू सावरत नाही. कोवळ्या उसाची पानं चिरली तरी वाढीचा शेंडा आत सुरक्षित असतो, तो उभा राहतो. कांद्याची पात फाटली तर गड्डा लहान राहतो, आणि मार लागलेला कांदा चाळीत टाकला तर शेजारच्या चांगल्यालाही सडवतो, तो वेगळा करून आधी विकावा. घाबरलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर या दिवसांत टॉनिकं घेऊन माणसं येतात. दोन आठवडे थांबून पीक फुटतं का ते पाहावं आणि मग पैसा घालावा.

राहिली भरपाई. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालं तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागेला २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे द्राक्षाच्या एकराला नऊ हजार. ती मदत आहे, भरपाई म्हणता येणार नाही. भरपाई विम्याने द्यायची. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती मानली आहे आणि ७२ तासांत कळवलं तर त्या एकट्या शेतकऱ्याच्या शेताची पाहणी करून भरपाई देण्याची तरतूद आहे. गारेसाठी हीच तरतूद जीव होती. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपया हप्त्याचा विमा बंद केला आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीचा हा निकषही काढून टाकला. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांवरून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्ज झाले, हे खरं. पण अनेक गावांच्या मंडळात दोन गावं गारेने साफ झाली आणि उरलेल्यांत पीक चांगलं आलं, तर सरासरी घसरत नाही आणि त्या दोन गावांना काहीच मिळत नाही. अर्धा टक्का जिल्ह्यावर पडणाऱ्या आपत्तीला मंडळाची सरासरी लावणं हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त व्हायला हवा. फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात गारेचं संरक्षण जादा हप्ता भरून घेता येतं. बागाईतदाराने तो हप्ता वाचवू नये.

गारेच्या नुकसानीत गैरप्रकारांना वाव मिळतो, कारण पुरावा उरत नाही. गार तासाभरात वितळते. महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. ती पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात. गार मोजत नाहीत. मग पंचनामा म्हणजे तलाठ्याची नजर आणि शेतकऱ्याचा शब्द, आणि दोघांवरही कुणाचा विश्वास नाही.

गार मोजायला महागडं काही लागत नाही. फ्रान्समध्ये आणि इतरत्र अनेक वर्षं वापरात असलेली ‘गारपाटी’ म्हणजे साधारण फूटभर लांबी-रुंदीचा फोमचा तुकडा, वर ॲल्युमिनियमचा पातळ कागद, खाली लोखंडी स्टँड. गार पडली की खड्डे पडतात; खड्ड्याच्या व्यासावरून गारेचा आकार, संख्येवरून जोर कळतो. पाटी काढायची, तारीख घालायची, नवी लावायची. अमेरिकेत १९९८ पासून हजारो सामान्य नागरिक पर्जन्यमापकाच्या जोडीला अशा पाट्या घरामागे लावतात. स्वित्झर्लंडचा हवामान विभाग आपल्या ॲपवर लोकांना गारेचा आकार कळवायला सांगतो आणि त्या नोंदींवरून रडारचे अंदाज तपासतो. शिवाय गार पडल्याक्षणी नोंद करणारी स्वयंचलित यंत्रं त्यांनी गारेच्या पट्ट्यात बसवली आहेत. रडारने ‘गार’ म्हटलं तेव्हा खाली खरंच गार होती का, हे जमिनीवरून कळल्याशिवाय रडारचा अंदाज सुधारत नाही. हवामान बदलाने गार वाढतेय का, हा वादही अशा नोंदींशिवाय सुटणारा नाही.

महावेधच्या प्रत्येक केंद्राच्या कुंपणात एक गारपाटी लावायचा खर्च राज्याच्या एका गारपिटीच्या मदतीपुढे नगण्य आहे. कृषी विभागाने तो एका हंगामात करून दाखवावा. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघासारख्या संघटनेने सरकारची वाट न पाहता आपल्या सभासदांच्या बागांत सुरुवात करावी. त्यांच्याकडे माणसं आहेत, शिस्त आहे आणि गरजही आहे. तोवर शेतकऱ्यांना एवढंच सांगणं: येत्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गार पडली तर ती वितळायच्या आत मापपट्टी शेजारी ठेवून, ठिकाण आणि वेळ नोंदवणारा फोटो काढा, किती मिनिटं पडली ते लिहा, आणि तो तालुका कृषी कार्यालयाला आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला त्याच दिवशी पाठवा. शेजारच्या ज्या गावात गार पडली नाही, तिथल्या ओळखीच्या माणसालाही ‘पडली नाही’ एवढं कळवायला सांगा. ती नोंदही तितकीच मोलाची आहे.